अनोळखी हातांत दिलेले खेळ



आज विषय जरा वेगळा आहे. कॉम्प्युटरवरच्या खेळांचा. पण पूर्ण वाचा, कारण मुद्दा देण्याघेण्याचा आहे आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोचलाच आहे. तुमच्या घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा भाचा-पुतण्या असेल तर त्याच्या तोंडी 'की' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ही कुलपाची किल्ली नव्हे. पाच-पाच अक्षरांचे तीन गट, मध्ये आडव्या रेघा, असा तो एक क्रमांक असतो. तो आपल्या खात्यात टाकला की विकत घ्यायचा खेळ फुकटात आपला होतो. आणि ही पोरं असे क्रमांक चक्क अनोळखी माणसांना देऊन टाकतात. ज्याला द्यायचं त्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. परत काही मिळायचंही नाही.

माझा भाचा दोन-तीन वर्षांपासून हे करतो. गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, त्याने मला विचारलं, "मावशी, हे दानात धरायचं का गं?" मी लगेच उत्तर दिलं नाही. ही रीत आली कुठून ते आधी बघू म्हटलं, आणि बघता बघता चाळीस वर्षं मागे गेले.

सुरुवात खेळांपासून झालीच नाही. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन नावाच्या गृहस्थांनी कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलू शकेल असा एक प्रोग्रॅम लिहिला. पीसी-टॉक त्याचं नाव. तेव्हा प्रोग्रॅम विकायचा म्हणजे खोका, पुस्तिका, दुकानदार, जाहिरात असा सगळा पसारा लागायचा. त्यांनी तो टाळला. प्रोग्रॅमबरोबर एक निरोप ठेवला. याच्या प्रती काढा, मित्रांना द्या, आणि उपयोगी वाटला तर मला २५ डॉलर पाठवा. त्याच सुमाराला जिम नॉफ यांनी पीसी-फाइल नावाचा प्रोग्रॅम असाच सोडला होता. दोघांनी एकमेकांना न विचारता सुरू केलं, मग ओळख झाली. फ्लूगेलमन यांनी 'फ्रीवेअर' हा शब्द स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक असलेल्या बॉब वॉलेस यांना १९८३ मध्ये आपल्या पीसी-राइटसाठी दुसरा शब्द लागला, आणि 'शेअरवेअर' हा शब्द रुळला.

मला यातली गंमत अशी वाटते की इथे देणारा एकटा नव्हता. ज्याला मिळालं त्याने पुढे द्यायचं होतं. फ्लॉपी या हातातून त्या हातात जायची, आणि मूळ माणसाला आपला प्रोग्रॅम कोणाच्या घरी पोचला याचा पत्ताही नसायचा. तरी लोक पाकिटात चेक घालून पाठवत. सगळे नाही, पण बरेच.

खेळांनी ही रीत उचलली ती टेक्सासच्या स्कॉट मिलर यांच्यामुळे. त्यांची कंपनी अपोजी. १९८७ पासून त्यांनी क्रॉझ नावाचे खेळ सोडले, आणि त्यात एक व्यापारी युक्ती केली. खेळाचे भाग पाडायचे, पहिला भाग सगळ्यांना फुकट आणि पुढचे पैसे देऊन. फुकटचा भाग वाटेल तितक्या लोकांना वाटा, कोणी अडवणार नाही. याच रस्त्याने १९९० च्या डिसेंबरात कमांडर कीन आला, १९९२ मध्ये वुल्फेन्स्टाइन आला, आणि १० डिसेंबर १९९३ ला डूम. डूमचा पहिला भाग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा होता. उतरवून घेणाऱ्यांची गर्दी आधीच एवढी झाली की त्यापायी सर्व्हरच अडखळला.

आपल्याकडे यातलं बरंच उशिरा आलं, पण आलं. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी मिळायची ते दिवस आठवतात? एका घरी मासिक यायचं आणि ती सीडी अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरायची. परत येईपर्यंत तिच्यावर ओरखडे पडलेले असायचे. तिच्यात याच जातीचे, पहिला भाग मोफत असलेले खेळ असत.

आता डूम हा काय खेळ आहे हे माहीत असणाऱ्या म्हणतील, अगं, त्यात बंदुकी आणि रक्ताशिवाय आहे काय? खरं आहे. आणि हा प्रश्न तेव्हाही उठला होता. डूम सुटण्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे ९ डिसेंबर १९९३ ला, अमेरिकेच्या सिनेटमध्ये खेळांतल्या हिंसेवर सुनावणी झाली. मॉर्टल कॉम्बॅट आणि नाइट ट्रॅप या खेळांवर रोख होता. त्यातून १९९४ मध्ये वयाचे शिक्के देणारी संस्था उभी राहिली आणि खेळाच्या खोक्यांवर कोणत्या वयाला योग्य ते छापून येऊ लागलं. हा शिक्का लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही जणांनी मात्र पहिला भाग-दुसरा भाग असं न करता पूर्ण खेळच देऊन टाकला. जपानमध्ये दाइसुके अमाया या एकट्या माणसाने रिकाम्या वेळात पाच वर्षं खपून केव्ह स्टोरी केला आणि २००४ च्या डिसेंबरात सगळ्यांना फुकट दिला. अमेरिकेत टार्न आणि झॅक अॅडम्स या दोघा भावांनी २००६ मध्ये ड्वार्फ फोर्ट्रेस सोडला. किंमत नाही, ज्याला वाटेल त्याने मदत पाठवावी. वर्षानुवर्षं त्या भावांचं घर लोकांनी आपखुशीने पाठवलेल्या पैशांवर चाललं. मग थोरल्या भावाला, झॅकला, त्वचेचा कर्करोग झाला. उपचार झाले, पण अमेरिकेतला दवाखान्याचा खर्च बघून दोघांना घाम फुटला, आणि त्यांनी खेळाची एक सजवलेली आवृत्ती विकायचं ठरवलं. २०२२ च्या डिसेंबरात ती विक्रीला आली. मला आवडलेली गोष्ट ही की जुनी फुकटची आवृत्ती त्यांनी बंद केली नाही. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ती तशीच ठेवली.

आता त्या 'की'कडे येते. २००३ मध्ये वॉल्व्ह या कंपनीने स्टीम सुरू केलं. त्यानंतर हळूहळू तबकडी गेली, खोका गेला, आणि खेळ थेट खात्यात येऊ लागला. २००७ च्या ऑक्टोबरात वॉल्व्हने ऑरेंज बॉक्स नावाने पाच खेळ एकत्र विकले. त्यातले दोन खेळ बऱ्याच गिऱ्हाइकांकडे आधीपासून होते. आता एकाच खात्यात एकच खेळ दोनदा ठेवून काय करणार? तेव्हा कंपनीने परवानगी दिली की जादा प्रत दुसऱ्या कोणाला भेट द्या.

हे वाचताना मला आपल्या माळ्यावरची भांडी आठवली. लग्नात आलेले स्टीलचे पाच डबे, तीन तांबे, सात ताटल्या. वापर एकाचाच, बाकीचं कागदात गुंडाळून ठेवलेलं. खेळ देण्याची सुरुवात त्या पोरांनी त्यागाच्या भावनेने केली असं मला वाटत नाही. जादा झालं म्हणून दिलं. पण जादा झालेलंही बहुतेक माणसं देत नाहीत, माळ्यावर टाकतात, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

जादा प्रतींचा खरा पूर आला २०१० नंतर. त्या वर्षी मे महिन्यात वोल्फायर या छोट्या कंपनीतल्या तरुणांनी पाच खेळांची एक मोट बांधली. हंबल इंडी बंडल तिचं नाव. किंमत तुम्ही ठरवा, एक सेंट दिला तरी चालेल. वर दिलेल्या पैशातला किती वाटा खेळ करणाऱ्यांना आणि किती धर्मादाय संस्थांना जावा हेही तुम्हीच ठरवायचं. त्या संस्थांत एक होती चाइल्ड्स प्ले. ही २००३ पासून दवाखान्यात पडून असलेल्या मुलांसाठी खेळणी आणि खेळ पोचवते. सलाईन लावून महिनोन्महिने खाटेवर राहणाऱ्या पोराला वेळ कसा जड जातो, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको.

लोकांनी त्या पहिल्या खेपेत साडेबारा लाख डॉलरहून जास्त दिले. आणि त्याच वेळी वोल्फायरच्या अंदाजाने सुमारे पाव डाउनलोड पैसे न देता झाले होते. एक सेंट देऊन मिळत असताना! राग येतो ना? पण त्या पोरांनी चिडून कुलपं लावली नाहीत. काहींकडे क्रेडिट कार्ड नसेल, काहींनी मित्राला दुवा दिला असेल, असं म्हणून ते पुढे गेले. नंतर मात्र २०११ च्या नाताळात स्टीमवर एक बक्षिसांची योजना आली, आणि तिच्यासाठी लोकांनी एकेक सेंट टाकून मोटांमागून मोटा घेतल्या. तेव्हापासून स्टीमची की हवी तर निदान एक डॉलर तरी द्या, असा नियम करावा लागला. आपल्याकडे भंडाऱ्यात एकाने पाच पानं वाढून घेतली की पुढच्या वर्षी कुपनं काढावी लागतात, तसंच.

मोटा स्वस्त झाल्या आणि प्रत्येकाकडे न वापरलेल्या कीजचा साठा पडू लागला. दहा खेळांतले तीन हवे असायचे, चार आधीच असायचे, तीन कधीच खेळणार नसायचे. मग वाटप सुरू झालं. कोणी चिठ्ठ्या टाकून देतं, कोणी पहिल्या मागणाऱ्याला. पण की नुसती उघड्यावर लिहिली तर माणसाच्या हाताला लागायच्या आधी यंत्रं ती उचलतात. असे प्रोग्रॅम सतत टपलेलेच असतात. त्यावर देणाऱ्यांनी शोधलेली युक्ती मला फार आवडली. एक अक्षर झाकायचं आणि त्या जागी कोडं घालायचं, कोळ्याला पाय किती, आठवड्याचे दिवस किती. माणूस ओळखतो, यंत्र अडकतं. भाच्याने एकदा माझ्याकडून अशी कोडी करून घेतली होती. मी विचारलं, तीर्थंकर किती? तो म्हणाला, मावशी, समोरचा ब्राझीलचा असला तर?

देणाऱ्याची दुसरी पंचाईत अशी की की एकदा वापरली की संपली. ती खरोखर चालली का, घेणाऱ्याने स्वतः खेळ खेळला की लगेच विकून टाकला, हे सहसा कळत नाही. म्हणून जिथे चिठ्ठ्या टाकून वाटप होतं तिथे नियम असतात. जिंकलेला खेळ स्वतःच्याच खात्यात टाकायचा आणि विकायचा नाही.

कारण विकण्याचा बाजार उभा राहिला होता, आणि त्यात चोरीचा मालही शिरला. दुसऱ्याचं कार्ड वापरून कीज घ्यायच्या, बाजारात विकून पैसे करायचे. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत खेचते, आणि भुर्दंड खेळ बनवणाऱ्यावर पडतो. फॅक्टोरिओ हा खेळ करणाऱ्या प्राग शहरातल्या कंपनीने हे प्रकरण धसास लावलं. २०२० मध्ये अशा एका मोठ्या बाजाराने मान्य केलं की त्यांच्याकडे फॅक्टोरिओच्या १९८ चोरीच्या कीज विकल्या गेल्या, आणि कबूल केल्याप्रमाणे दहापट भरपाई म्हणून ३९,६०० डॉलर दिले. म्हणून मी भाच्याला एवढंच विचारते, तू देतोस ती की तुझ्याकडे आली कुठून? स्वस्तात कुठून तरी उचललेली असेल तर ती दुसऱ्याला देऊन पुण्य कसलं?

भेटींनाही वेसण पडली. देशादेशांत किमती वेगळ्या. आपल्याकडे स्टीमवर २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत भाव आले आणि ते डॉलरच्या भावापेक्षा बरेच कमी असायचे. स्वस्त देशात घेऊन महाग देशात पाठवण्याचा धंदा होऊ लागला. २०१७ च्या मे महिन्यात वॉल्व्हने भेट म्हणून घेतलेली प्रत साठवून ठेवण्याची सोय बंद केली. भेट थेट मित्रालाच पाठवायची, आणि दोन देशांतल्या भावात फार फरक असेल तर ती जाणार नाही. म्हणजे स्टीमवरून खेळ विकत घेऊन अनोळखी माणसाला देणं संपलं. उरल्या त्या मोटांमधल्या कीज.

इथे फुकट आणि दान यांतला फरक सांगून टाकते, कारण पोरं दोन्ही एकाच तोंडाने बोलतात. २०१८ च्या डिसेंबरापासून एपिक या कंपनीने आपल्या नव्या दुकानात ठरावीक दिवसांनी एक खेळ फुकट द्यायला सुरुवात केली. पहिला होता सबनॉटिका. २०२० च्या मेमध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, त्यांनी ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग फुकट दिला आणि गर्दीने त्यांचं दुकान काही तास बंद पडलं. केवढं औदार्य, असं वाटेल. पण पुढे अॅपलबरोबरच्या खटल्यात कागद बाहेर आले. पहिल्या नऊ महिन्यांत कंपनीने या फुकटच्या खेळांसाठी सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले होते आणि त्यातून जवळपास ५० लाख नवी खाती मिळवली होती. एका गिऱ्हाइकामागे अडीच डॉलरही नाही. दुकानदाराने चहापत्तीवर वाटी द्यावी तसं आहे हे. त्यात वाईट काही नाही, आपली अर्धी बिरादरी व्यापारात आहे. फक्त त्याला दान म्हणू नये.

त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी गोष्ट घडली. अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाल्यावर इच डॉट आयओ या छोट्या खेळकर्त्यांच्या ठिकाणी एकाने हाक दिली आणि हजाराहून जास्त लोकांनी आपापली कामं देऊन टाकली. सगळी मिळून १७०० च्या वर. किमान पाच डॉलर द्या आणि सगळं घ्या. ८० लाख डॉलरपेक्षा जास्त जमले आणि ते वर्णद्वेषाविरुद्ध कायदेशीर लढाई देणाऱ्यांना आणि जामिनाच्या निधीला गेले. देणाऱ्यांत कित्येक जण असे होते की ज्यांचा तो एकच खेळ होता.

आता भाच्याचा प्रश्न. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दान म्हणजे काय ते सांगताना, जे द्यायचं ते 'स्व'चं असावं, आपलं असावं, असं म्हटलं आहे. आणि पुढच्याच सूत्रात विधी, द्रव्य, दाता आणि पात्र यांवर दानाचं मोल ठरतं असं सांगितलं आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चारांत खेळ कुठेच बसत नाही, त्यामुळे शास्त्रातलं दान मी याला म्हणणार नाही. पण त्या चार कसोट्या लावून बघितल्या तेव्हा दोन ठिकाणी मी अडले.

एक, 'स्व'पाशी. खात्यात टाकलेला खेळ मुळात आपला आहे का? पुस्तक वाचून झालं की आपण वाचनालयाला देतो, कोणाची परवानगी लागत नाही. खेळाचं तसं नाही. फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेने यावर वॉल्व्हला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ग्राहकाला आपला खेळ पुन्हा विकता यायला हवा असा निकाल दिला, पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. कॅलिफोर्नियात २०२५ च्या १ जानेवारीपासून कायदाच आहे की तुम्ही मालकी नव्हे तर वापराचा परवाना घेताय, हे दुकानाने स्पष्ट सांगावं. स्टीमच्या करारात तर खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही असंच लिहिलेलं आहे. म्हणजे माझ्या भाच्याचे चारशे खेळ तो आपल्या मुलालाही देऊ शकत नाही. त्याच्या हातात खरं देण्याजोगं काय आहे तर फक्त न वापरलेल्या कीज. एकदा चाखलं की उष्टं झालं.

दुसरं, पात्रापाशी. १९९४ पासून खोक्यावर आलेला तो वयाचा शिक्का या पंधरा अक्षरांवर नसतो. समोरचा तीस वर्षांचा आहे की अकरा वर्षांचा, देणाऱ्याला दिसत नाही. मुलं वय खोटं सांगतात हे आपण आया जाणतोच. गोळ्या घालण्याचा खेळ मी कोणाच्या पोराच्या हातात जाऊन देणार नाही. मग न बघता पाठवला तर तो आपण दिला नाही असं कसं म्हणायचं? भाचा म्हणतो, मावशी, तो तसाही कुठून तरी मिळवणारच. मिळवेल, पण आपल्या हातून नको. यावर आमचा वाद झाला, चांगला तासभर, माझी पोळ्यांची कणीक झाकून पडली होती.

यंदा त्याने आपल्या कीजची यादी काढली. सत्तावीस निघाल्या. त्यातल्या आठ मारामारीच्या होत्या, त्या त्याने बाजूला ठेवल्या. नुसत्या ठेवल्यात, पुसल्या नाहीत, हे मला दिसतंय. उरलेल्या एकोणीस कोड्यांसकट चतुर्दशीच्या आत वाटून होतील असं तो म्हणतो. कोडी या वेळी त्याची आजी करणार आहे, आणि तिने पहिलंच घातलंय, पुरणपोळीत पुरण एक वाटी तर कणीक किती?

सरिता, तू, मी, कोणीही पटकन सांगू. ब्राझीलचा मुलगा काय करेल ते बघायचंय.